जेनोआतले चार पासपोर्ट

इटलीतल्या हॉटेलांत पाहुण्यांचे पासपोर्ट मागून घेतात, हे मला चांगलं माहीत होतं. कंपनीच्या कामासाठी मी तिथे तीन-चारदा राहून आलो होतो. काउंटरवरचा माणूस पासपोर्ट घेतो, नाव-नंबर पोलिसांना कळवायचे असतात म्हणून थोडा वेळ ठेवून घेतो, आणि मग परत देतो. एवढं माहीत असूनही वडिलांना जेनोआला न्यायचं ठरवताना ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. न्युरेम्बर्गहून जेनोआला जाताना दोन सरहद्दी लागतात आणि दोन्हीकडे आता कुणी गाडी थांबवत नाही, एवढ्यावरच मी खूश होतो. कोंबडं झाकून ठेवलं की उजाडायचं राहतं असं मानणाऱ्यांपैकी मी एक आहे, हे बायको मला लग्नापासून सांगत आली आहे.

झाकून काय ठेवलं होतं ते आधी सांगतो. ही २००७ सालची गोष्ट. त्या वर्षीच्या मार्चमध्ये मी जर्मन नागरिक झालो होतो. न्युरेम्बर्गच्या एका सरकारी कचेरीत एका बाईंनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि एक उर्कुंडे, म्हणजे प्रमाणपत्र, माझ्या हातावर ठेवलं. पुढच्या महिन्यात म्युनिकला आपल्या वकिलातीत जाऊन जुना निळा पासपोर्ट जमा केला. त्यांनी त्याचा कोपरा कातरला, रद्द झाल्याचा शिक्का मारला आणि आठवण म्हणून ठेवा म्हणत मलाच परत दिला. घरी आणून मी तो विम्याच्या कागदांखाली सारला. वडिलांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

कारणं होती, आणि ती खरी होती. मी यंत्रं बसवून देणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. आज सांगितलं आणि परवा निघ, असं काम. प्रत्येक देशाच्या व्हिसासाठी मी रांगेत उभा राहायचो, तोवर सहकारी तिथे पोचून कामाला लागलेला असायचा. साहेब एकदा म्हणाले, "हे बघ, तुझा कागद झाला की सांग, तोवर मी दुसऱ्याला पाठवतो." ते मला लागलं. शिवाय मुलगी इथेच जन्मली, इथेच शाळेत जाणार होती. सगळं रीतसर होतं. फोनवर दर रविवारी वडिलांशी बोलताना हे एक वाक्य म्हणायला मला मार्च ते जून पुरले नाहीत.

कारण तो निळा पासपोर्ट माझा असला तरी काढलेला त्यांनी होता. नऊ वर्षांपूर्वी मला जर्मनीत प्रवेश मिळाला तेव्हा मी शेवटच्या परीक्षेत बुडालेलो होतो. पासपोर्टच्या कचेरीबाहेर पहाटे जाऊन रांग धरली ती त्यांनी. फॉर्म भरला तो त्यांच्या एकसारख्या टपोऱ्या अक्षरांत. पोलीस चौकशीला येणार म्हणून तीन दिवस रजा टाकून घरी बसले, आणि पोलीस चौथ्या दिवशी आला. पासपोर्ट टपालाने आला तेव्हा त्यांनी तो आधी देवापुढे ठेवला, मग शेजाऱ्यांना दाखवला, आणि सगळ्यात शेवटी माझ्या हातात दिला. त्यांचा स्वतःचा तेव्हा पासपोर्ट नव्हता. तो त्यांनी थेट सदुसष्टाव्या वर्षी काढला, आदल्या ऑगस्टमध्ये आई गेल्यावर मी फार मागे लागलो तेव्हा. तीन महिने माझ्याकडे राहायला या, डोंबिवलीच्या त्या घरात एकटे काय करता, असं मी म्हणत होतो.

आणि ते आले. आल्यावर आठवडाभर त्यांनी आमच्या रस्त्यावरच्या कचऱ्याच्या डब्यांचे रंग पाठ केले, नातीला मराठी बाराखडी शिकवायला घेतली, तिने जर्मनमध्ये दिलेली उत्तरं मान डोलावून ऐकली. कुठे फिरायला जाऊ या, पॅरिस बघायचं का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "जेनोआ लांब आहे का रे इथून?"

वडील आयुष्यभर मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजात चढणारा आणि जहाजातून उतरणारा माल मोजायचा, पाच-पाचच्या रेघा ओढायच्या, फुटलेली पेटी किंवा भिजलेलं पोतं दिसलं की तिथल्या तिथे लिहायचं. पेट्यांवर काळ्या रंगात बंदरांची नावं असायची. जेनोआ, मार्सेय, हॅम्बुर्ग ही गावं त्यांना ठाणे-कल्याणसारखी तोंडपाठ होती आणि त्यातलं एकही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मी हसलो. मग हसल्याचं वाईट वाटलं आणि लगेच चार दिवसांची सुट्टी टाकली.

ऑस्ट्रियात शिरताना त्यांनी शर्टाच्या खिशातून पासपोर्ट काढून मांडीवर ठेवला. बऱ्याच वेळाने विचारलं, "सरहद्द कधी येणार?"

"मघाशीच गेली, बाबा."

"गेली? कुणी बघितलंसुद्धा नाही?"

"नाही बघत आता."

"मग शिक्का?"

शिक्का मिळणार नाही म्हटल्यावर ते जरा हिरमुसले. इटलीच्या सरहद्दीवर त्यांनी पासपोर्ट पुन्हा काढला. एखादा तरी माणूस हौसेने बघेल अशी आशा असावी. मी मात्र आरशात पाहत होतो आणि मनातल्या मनात रस्ता करणाऱ्यांना दुवा देत होतो.

जेनोआला पोचलो तेव्हा दुपार टळली होती. डोंगर उतरत थेट समुद्रात शिरणारं गाव, आणि खाली जुन्या वस्तीत इतक्या अरुंद गल्ल्या की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. गाडी आत जाणं शक्य नव्हतं. तिघांना सामानासकट हॉटेलच्या गल्लीच्या तोंडाशी उतरवून मी गाडी लावायला गेलो. जागा मिळून परत यायला अर्धा तास लागला. हॉटेलच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि समोर काउंटर दिसलं.

पासपोर्टची पिशवी बायकोकडे होती. मागितल्यावर तिने ती दिली होती, दुसरं करणार काय? काउंटरवरच्या म्हाताऱ्या गृहस्थाने चारही पासपोर्ट ओळीने उघडून पालथे घातले होते आणि एकेक उचलून वहीत लिहून घेत होता. दोन निळे, दोन डाळिंबी. निळे वडिलांचा आणि बायकोचा. तिची जर्मनीतली वर्षं अजून भरायची होती. डाळिंबी माझा आणि मुलीचा. मी आलो तेव्हा माझा त्याच्या हातात होता, फोटोचं पान वर. वडील काउंटरला टेकून उभे होते. त्यांनी वाचायचा चष्मा लावलेला होता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढला, घडी घातली, खिशात ठेवला.

"गाडी नीट लागली का?" त्यांनी विचारलं.

"लागली."

"बरं झालं."

खोलीत गेल्यावर बायको म्हणाली, "आता तरी सांग."

"त्यांनी पाहिलं नसेल कदाचित."

"चष्मा लावला होता त्यांनी. अरे, आयुष्यभर कागद तपासलेला माणूस आहे तो."

"उद्या सांगतो," मी म्हणालो. तिने मुलीची चादर नीट केली आणि माझ्याकडे पाठ केली.

दुसरा दिवस मी पर्यटक म्हणून घालवला, म्हणजे हातात नकाशा घेऊन गावभर तिघांना हिंडवलं आणि कुठेच थांबू दिलं नाही. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं मोठं चर्च पाहिलं. व्यापाऱ्यांचे जुने वाडे पाहिले, त्यांचे छत रंगवलेले दिवाणखाने पाहिले. मी पुस्तकातून मोठ्याने वाचून दाखवत होतो: इथले लोक कसे दर्यावर्दी, त्यांनी कसे पैसे केले, कुठे कुठे वखारी घातल्या. वडील ऐकत होते. मध्येच एखादा प्रश्न विचारत होते, तो त्या वाड्याबद्दलच असायचा. त्यांच्या प्रत्येक "बरं का" मध्ये मला काहीतरी ऐकू येत होतं. खाई त्याला खवखवे. ते गप्प राहिले की वाटायचं, आता बोलतील. बोलायला तोंड उघडलं की वाटायचं, आता काढतील. आणि ते म्हणायचे, "पाण्याची बाटली देतोस का?"

गल्ल्यांमधून वर पाहिलं तर पाचव्या-सहाव्या मजल्यापर्यंत दोऱ्यांवर कपडे वाळत होते. सगळे पर्यटक माना वर करून फोटो काढत होते. मीही काढला. वडील खाली मान घालून चालत राहिले. मुलीने त्यांचा हात ओढून वर बोट दाखवलं, "आजोबा, शाऊ माल!" म्हणजे बघा ना. तेव्हा तिला हळूच म्हणाले, "लोकांचे घरातले कपडे असे बघू नयेत, बाळा." मी कॅमेरा पिशवीत टाकला. खरं तर ते तिला म्हणाले होते.

जेवणाच्या वेळी एका भट्टीच्या दुकानाबाहेर उभं राहून आम्ही डाळीच्या पिठाचा एक प्रकार खाल्ला. तांब्याच्या भल्यामोठ्या ताटात पातळ पीठ ओतून भट्टीत भाजलेलं, कडेने कुरकुरीत. वडिलांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि जेनोआत आल्यापासून पहिल्यांदा मनापासून हसले. "अरे, हे तर आपलं धिरडं! तिखट टाकायचं राहिलंय फक्त." बायकोने पिशवीतून चटणीची डबी काढली. वडिलांनी ती धिरड्यावर भुरभुरवली आणि दुकानदारालाही चव घ्यायला दिली. दुकानदाराने खाल्ली, डोळे मोठे केले, हात जोडले. सगळे हसत होते. मला त्या हसण्याचा राग आला. एवढं कळून हा माणूस असा मजेत धिरडी कसा खाऊ शकतो? ओरडावं, तोंड फिरवावं, निदान जेवणावरून उठावं. मुलीने तेवढ्यात तेलाचा हात माझ्या पँटला पुसला आणि मी तिच्यावर इतका खेकसलो की दुकानदारही दचकला. वडिलांनी तिला जवळ घेतलं. माझ्याकडे एकदा पाहिलं.

चारच्या सुमारास जुन्या बंदरावर गेलो. तिथे आता मत्स्यालय आहे, आइसक्रीमची दुकानं आहेत, श्रीमंतांच्या पांढऱ्या बोटी ओळीने बांधलेल्या आहेत. मुलगी हरखून गेली. वडील एका बाकावर बसून दोन मिनिटं चारी बाजूंना पाहत राहिले आणि म्हणाले, "हे बंदर नाही रे. ही बाग आहे."

"खरं बंदर पलीकडे आहे, बाबा. आत सोडत नाहीत."

"बरोबर आहे. आम्हीही सोडत नव्हतो."

बायकोने मग एक पाटी शोधून काढली. बंदराची फेरी मारणारी बोट होती, तासाभराची. धक्क्यापासून निघून लाटा अडवणाऱ्या लांबलचक भिंतीच्या आतून खऱ्या बंदरापर्यंत जायची आणि परत. आम्ही बसलो. बायको मुलीला घेऊन मुद्दाम पुढच्या टोकाला गेली आणि जाताना माझ्याकडे एकदा पाहून गेली. त्या पाहण्याचा अर्थ मला समजावून सांगायची गरज नव्हती.

बाग मागे पडली आणि बंदर सुरू झालं तसे वडील उठून कठड्याला धरून उभे राहिले. भोंग्यातून इटालियनमध्ये, मग जर्मनमध्ये माहिती येत होती. त्यांना दोन्ही कळत नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. एक प्रचंड जहाज उभं होतं, त्यावर कंटेनरच्या पाच-सहा मजली चळती. क्रेन एक उचलायची, फिरायची, खाली ठेवायची, पुन्हा वळायची. एक म्हणून माणूस धक्क्यावर दिसत नव्हता.

"माणसं कुठायत?" त्यांनी विचारलं.

"क्रेनच्या वरच्या केबिनमध्ये एक असेल."

"आणि मोजतं कोण?"

"कॉम्प्युटर."

त्यांनी मान हलवली. वाईट वाटलं असं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. ते क्रेनकडे इतके एकटक पाहत होते की मला वाटलं, ते मोजतायत. बोट त्या जहाजाच्या सावलीत शिरली. अंगावर एकदम गारवा आला, आणि का कुणास ठाऊक, मला तेव्हाच बोलता आलं.

"बाबा, तुम्हाला एक सांगायचं होतं."

"पासपोर्टचं?" ते क्रेनवरची नजर न काढता म्हणाले.

"हो."

"कधी झालं?"

"मार्चमध्ये."

त्यांनी जरा विचार केला. "माझा आला तोही मार्चमध्येच," ते म्हणाले.

मी बोलायला लागलो. रात्रभर घोळवून ठेवलेलं सगळं एकामागून एक बाहेर आलं: व्हिसाच्या रांगा, साहेब, मुलीची शाळा, कायद्याने दोन्हीकडचं नागरिकत्व ठेवता येत नाही हे, मन तर तेच आहे ना हे. शेवटचं म्हणताना माझं मलाच ते खोटं वाटलं नाही, पण स्वस्त वाटलं. त्यांनी कठड्यावरचा हात थोडा उचलला. बस, पुरे, असा.

"कारणं असणारच. नसती तर तू केलं नसतंस. मी कुठे विचारतोय?"

"मग काल बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून."

लाज वाटली, दुसरा शब्द नाही. तिशी ओलांडलेला माणूस मी, आणि मला त्या बोटीवर कान पकडून उभं केल्यासारखं झालं. मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली की नाही कळलं नाही. ते आता क्रेनकडे पाहत नव्हते, पाण्याकडे पाहत होते.

"तिकडे यायला आता तुला व्हिसा लागणार?"

"हो. म्हणजे एक कार्ड निघतं आता माझ्यासारख्यांसाठी. ते असलं की व्हिसा लागत नाही, आयुष्यभर."

"काढलंस?"

"नाही अजून. अर्ज करायचा राहिलाय."

"का?"

का, ते मला नीट सांगता येईना. तो अर्ज उघडला की पहिलाच प्रश्न पूर्वीच्या नागरिकत्वाचा होता आणि मी दर वेळी तिथूनच तो बंद करायचो. तसं न सांगता मी म्हणालो, "वेळ झाला नाही."

"आणि नुसता व्हिसा? तो किती दिवसांत देतात?"

"चार-पाच दिवस लागतात. तातडीचं असेल तर लवकर देत असतील. मी विचारलं नाहीये."

"चार-पाच दिवस," ते म्हणाले. बोट भिंतीच्या टोकाला वळून परत फिरली आणि ऊन पुन्हा अंगावर आलं.

"तुझ्या आईला एक दिवस ठेवलं होतं," ते म्हणाले. "तू संध्याकाळी फ्रँकफर्टहून निघालास आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलास. तुझे काका म्हणत होते, थांबू नका, पावसाचे दिवस आहेत. भटजींचंही तेच. मी म्हटलं, तो निघालाय, येतोय. दोनदा बर्फ आणला. एक दिवस जमतं." त्यांचा आवाज कामाचं बोलावं तसा होता, गोदीतल्या पाळीबद्दल कुणाला समजावून सांगावं तसा. "चार-पाच दिवस नाही जमायचं रे. शेजारीपाजारी तरी किती थांबतील? आणि हे ठरवायला तिथे मी नसणार."

"बाबा, काय बोलताय हे!"

"मग काय, बोलायचं नाही?"

मी तोंड फिरवलं. मला रडू येत होतं आणि बोटीवर माणसं होती. नऊ वर्षांत मी किती कागद भरले, किती खिडक्यांपुढे उभा राहिलो, पण हा एक हिशेब मी केलाच नव्हता. तो त्यांनी काल काउंटरपाशी चष्मा काढताना केला असणार आणि दिवसभर मनात ठेवून माझ्याबरोबर वाडे पाहत फिरले असणार. मघाशी धिरडी खाताना मी त्यांच्यावर चिडलो होतो.

पुढच्या टोकावरून मुलगी धावत आली आणि पाणी उडालं, पाणी उडालं, असं काहीतरी जर्मनमध्ये ओरडत त्यांच्या पायांना बिलगली. त्यांनी खिशातून रुमाल काढून तिचे केस पुसले, मागचेही पुसले, कानही पुसले. तिला पुढे धाडून दिलं. मग तोच ओला रुमाल माझ्या हातात देत म्हणाले,

"ते कार्ड आलं की मला फोन कर. तोवर मी सांभाळून राहतो."